शेवटच्या ओळीतले बेदाणे

१

झावेन काल्फायान अवजारांच्या शेडमध्ये एका पालथ्या पेटीवर बसलेला सापडला. पाठ भिंतीला, सैन्यातलं जुनं पिस्तूल उजव्या हाताशी, आणि शर्टाच्या खिशाखाली एक भोक. दुपारचा पाऊस नुकताच थांबला होता. त्याची बायको नेव्हार्त सासूला घेऊन गावातल्या चर्चच्या स्वयंपाकघरातून परतली, आणि शेडचं दार उघडं दिसलं म्हणून तिने डोकावलं. ती किंचाळली वगैरे नाही. तिने शेरीफच्या कचेरीला टेलिफोन केला आणि कॉफी चढवली. माणसं येणार म्हणजे कॉफी लागणार.

डेप्युटी हॉलिसने मला बोलावलं, कारण शेत कागदोपत्री झावेनचं नव्हतंच. ते राज्याचं होतं, आणि सँडक्रीकच्या या भागात राज्य म्हणजे मी. मी हागोप तेर्झियान, माजी सैनिक खात्याचा माणूस. राज्य रोखे विकतं, त्यासाठी लोक मत देतात, आणि त्या पैशातून खातं घर किंवा शेत स्वतः विकत घेऊन सैनिकाला हप्त्यांवर देतं. शेवटचा हप्ता फिटला की खरेदीखत त्याच्या नावावर. करदात्याच्या खिशाला झळ नाही, हे वाक्य मी इतक्या सभांमधून बोललोय की झोपेतही बोलेन. मी स्वतः जर्मनीत लढलो. तिकडून येताना माझं काहीतरी बधिर झालं ते अजून तसंच आहे. मेलेल्या माणसासमोर उभा राहिलो की मला भूक लागते. चांगली गोष्ट नाही, पण आहे हे असं आहे.

"सरळ केस आहे, जॅक," हॉलिस म्हणाला. आम्हा आर्मेनियनांची नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून गोरे लोक मला जॅक म्हणतात. "कोरियाहून आल्यापासून हा धड बोलत नव्हता म्हणे. पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून बार कोणाला ऐकू आला नाही. मी आत्महत्या लिहितो, तूही लिही. घरी जाऊ."

"घाई आहे?"

"माझी सासू आलीय. मला घाई नाही. लिहायचा कंटाळा आहे."

लिहिणं तेवढं सोपं नव्हतं. आमच्या प्रत्येक करारासोबत आयुर्विमा येतो. सैनिक मेला की विमा सगळं कर्ज फेडतो आणि जमीन विधवेची होते. पण कराराला दोन वर्षं व्हायच्या आत त्याने स्वतःच जीव दिला असेल, तर विमा एक छदाम देत नाही. झावेनची दोन वर्षं व्हायला सहा आठवडे बाकी होते. हॉलिसने म्हटलं तसं मी लिहिलं, तर नेव्हार्त आणि तिची सासू नाताळाच्या आत रस्त्यावर येणार होत्या.

मी झावेनकडे पाहिलं. शर्ट कोरडा. बुटांवर पांढरी धूळ, चिखलाचा ठिपकाही नाही. मग मी बाहेर बागेत आलो.

सप्टेंबरात आमच्याकडे द्राक्षं तोडून ओळींच्या मध्ये जमिनीवर कागदाच्या तावांवर पसरतात आणि उन्हात त्यांचे बेदाणे होतात. पाऊस आला तर वर्षाची कमाई कुजते. त्या दिवशी रेडिओने दुपारीच पाऊस सांगितला होता, आणि सगळं खोरं ओणवं होऊन ताव गुंडाळत सुटलं होतं. झावेनची बाग गुंडाळून झालेली होती. नुसत्या सुरळ्या, दोन्ही टोकं उघडी, अशी सैन्यातून आलेल्या माणसाची घाईची पद्धत. मी दोन-चार उलगडून पाहिल्या. आत कोरडं ठाक.

शेवटची ओळ शेडच्या दारापासून सुरू होऊन कालव्यापर्यंत जाते. तिच्यातला पहिला ताव उलगडला आणि माझी बोटं ओली झाली. दुसराही ओला, तिसराही. बेदाण्यांना ओली वाळू चिकटलेली. ही ओळ पाऊस पडू लागल्यावर गुंडाळली होती.

आणि झावेन कोरडा होता.

२

"मीच मारलं म्हणतोयस?" लिलँड टीगने विचारलं. त्याने खंडाने घेतलेलं शेत दक्षिणेला लागून. ओक्लाहोमाहून लहानपणी आलेला, पॅसिफिकात लढलेला माणूस. एका विहिरीवरून तो आणि झावेन एकमेकांना पाण्यात पाहायचे.

"अजून म्हटलं नाही. तू स्वतःच म्हणतोयस."

"अख्ख्या गावाला माहितीय, शेत मिळण्यासाठी मी तुझ्या यादीत आहे. दीड वर्ष झालं. दर वेळी तू सांगतोस, पैसा संपला, नोव्हेंबरात लोक मतं देतील, मग नवे रोखे निघतील. माझी बायको म्हणते, तुझ्या नोव्हेंबराला दाढी आली."

"झावेनचा करार मोडला तर हे शेत मतदानाची वाट न बघता यादीतल्या पुढच्या माणसाला मिळेल."

"म्हणजे मला." तो थुंकला. "विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आज सकाळीच आला, तो मेल्यावर. लाज वाटली. आधी आला असता तर जास्त वाटली असती."

"काल पावसात कुठे होतास?"

"गोठ्यात. गाय व्यायला झाली होती, डॉक्टर होता सोबत. विचार त्याला."

"तू बेदाणे करत नाहीस?"

"मी द्राक्षं ओलीच दारूवाल्यांना देतो, आणि स्वतःची जमीन मिळाली की कापूसच लावणार. कागद पसर, उलट, गुंडाळ, हे असले लाड तुमच्या लोकांनी करावेत. मागे एकदा झावेनला मदत करायला गेलो होतो. माझी गुंडाळी बघून म्हातारी इतकी हसली की तिचा दात पडला."

गुरांच्या डॉक्टरने त्याच्या बोलण्याला दुजोरा दिला. टीग सुटला. त्याचं मला बरं वाटायला हवं होतं.

३

नेव्हार्त स्वयंपाकघरात बसून भांडी पुसत होती. तीच ती, पुन्हा पुन्हा.

"तुम्ही काय लिहिणार?" तिने विचारलं.

"अजून ठरलं नाही. तो कधी मरायचं बोलला होता?"

"तो काहीच बोलत नसे. मी वाढायचे, तो जेवायचा. मी म्हणायचे, मीठ कमी आहे का, तो म्हणायचा, ठीक आहे. एकदा मुद्दाम मीठ घातलंच नाही. तरी ठीक आहे." तिने बशी खाली ठेवली. "पण गेल्या आठवड्यात बोलला. म्हणाला, बेदाणे विकले की शेत खात्याला परत करू. लॉस एंजेलिसला विमानांच्या कारखान्यात माणसं घेतायत. तिथे आवाज खूप असतो म्हणे. त्याला आवाज हवा होता. इथली शांतता खायला उठते, असं म्हणाला."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मी बॅगा खाली काढल्या." पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "लग्नानंतर त्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं."

पलंगाखाली दोन बॅगा खरंच होत्या. एकीत पुरुषाचे दोन नवे शर्ट, घडी न मोडलेले.

"हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही. मायरिगला सांगायची हिंमत नव्हती." मायरिग म्हणजे आई. झावेनच्या आईला, आराक्सीला, सगळं गाव याच नावाने हाक मारतं. "आणि मिहरानला तो स्वतः सांगणार होता."

"सांगितलं?"

"त्याला विचारायला आता तो कुठे आहे?"

४

मिहरान झावेनचा थोरला भाऊ. कालव्यापलीकडे खंडाने घेतलेल्या लहानशा बागेत राहतो. युद्धाच्या वेळी भरतीवाल्यांनी शेतीसाठी त्याला मागे ठेवलं, म्हणून तो सैनिक नाही, म्हणून आमची योजना त्याला लागू नाही. झावेनच्या शेताची पहिली रक्कम मात्र त्याने भरली होती. वेलीही त्यानेच लावल्या, झावेन कोरियात असताना, आधीच्या मालकाचा गडी म्हणून राबून.

मी गेलो तेव्हा तो भिजून सडलेले ताव उचलून कडेला टाकत होता.

"ये, सरकार," तो म्हणाला. आम्ही एका शाळेतले. "माझ्या तीन ओळी गेल्या बघ. वेळच पुरला नाही."

"रेडिओने दुपारीच सांगितलं होतं की."

"सांगायला काय जातं रेडिओचं. त्याला वाकावं लागत नाही."

"काल झावेनकडे गेला होतास?"

"कधी जाणार? इथेच मरत होतो." शब्द तोंडातून गेल्यावर तो थांबला. "इथेच होतो."

"तो शेत परत देणार होता, हे तुला माहीत होतं?"

त्याने हातातला ताव नीट दुमडला. फेकायच्या कागदाची घडी कोणी घालत नाही.

"भाऊ होता तो माझा," मिहरान म्हणाला. "त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लिही तसं आणि मोकळा हो. मायरिगला उगाच त्रास नको."

परत फिरताना मी त्याच्या वाचलेल्या ओळींवरून नजर टाकली. सुबक गुंडाळ्या, दोन्ही टोकं आत दुमडलेली. असं गुंडाळायला दुप्पट वेळ लागतो, पण धूळ आत जात नाही. काल शेवटच्या ओळीत माझी बोटं ओली झाली, तेव्हा टोकांकडे मी नीट पाहिलं नव्हतं. म्हणून तडक कालवा ओलांडून तिकडे गेलो.

ओळ उघडी पडली होती. एकूण एक ताव उलगडलेला, बेदाणे उन्हात पसरलेले. टोकाला मायरिग ओणवी होती, आणि तिच्या हातात शेवटचा ताव होता. मी पोचेपर्यंत तोही उघडला.

५

"ओले होते," ती म्हणाली. "ओले ठेवले तर बुरशी लागते. तुझ्या आईने शिकवलं नाही का?"

"ही एकच ओळ ओली होती, मायरिग."

"म्हणून ही एकच उघडली. चल, जेवून घे. मेलेल्याच्या घरून उपाशी जाऊ नये."

स्वयंपाकघरात तिने माझ्यासमोर द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचं ताट ठेवलं आणि स्वतः समोर बसून पुढची पानं भरू लागली. पान पसरायचं, भात ठेवायचा, दोन्ही कडा आधी आत दुमडायच्या, मग गुंडाळायचं. तिची नजर माझ्यावर होती. हात आपलं काम करत होते.

मी एक उचलून खाल्लं. दुसरं हातात धरलं आणि तसाच बसून राहिलो.

"तुम्ही ताव पण असेच गुंडाळता," मी म्हणालो.

"मला दुसरी रीत येत नाही."

"मुलांना कोणी शिकवलं?"

"मिहरानला मी. तो माझ्या मागे मागे असायचा. झावेन बापाच्या हाताखाली शिकला. त्याचा बाप सगळ्याच गोष्टी घाईत करायचा. मेलासुद्धा घाईत."

"काल पावसात तुम्ही आणि नेव्हार्त चर्चमध्ये होतात."

"पन्नास बायकांनी पाहिलंय."

"मग शेवटची ओळ कोणी गुंडाळली?"

तिचे हात थांबले. त्या घरात गेल्यापासून पहिल्यांदाच थांबले.

"पादरी म्हणतो, स्वतः जीव दिला असेल तर शवपेटी चर्चच्या आत येणार नाही," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, मग अंगणातून प्रार्थना करा. तुमचा आवाज मोठा आहे, ऐकू जाईल त्याला."

"मायरिग, टोकं आत होती का?"

"मला दोन मुलगे होते, हागोप. काल दुपारी एक उरला. तू मला काय विचारतोयस, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग ते माझ्या डोक्यावर ठेवू नकोस. पगार तू घेतोस." आणि तिने पुढचं पान घेतलं.

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, इतकं कळलं. ताट संपवून मी उठलो.

६

मिहरान कालव्याच्या काठावर बसला होता, जणू माझीच वाट बघत.

"झावेनची सगळी बाग पावसाआधी गुंडाळून झाली होती," मी त्याच्या शेजारी बसलो. "एक ओळ उरली होती. पाऊस डोक्यावर असताना एक ओळ सोडून माणूस शेडमध्ये जात नाही. कोणीतरी आल्यावर जातो. त्याने तुला सांगितलं, शेत परत देतोय. तू सैनिक नाहीस, तुला ते कधीच मिळणार नव्हतं. पिस्तूल तिथेच टांगलेलं असायचं. नंतर तू घराकडे निघालास. तुझी वाट त्या ओळीतून जाते. पाऊस सुरू झाला होता आणि ताव उघडे होते."

त्याने मातीचं एक ढेकूळ उचलून कालव्यात टाकलं.

"इकडे तुझ्या स्वतःच्या तीन ओळी भिजत होत्या. खोऱ्यात तुझ्याएवढा चपळ हात नाही. लहानशी बाग, दुपारपासूनचा वेळ, आणि म्हणे वेळ पुरला नाही. तू त्याची ओळ गुंडाळत होतास. टोकं आत दुमडून, आईने शिकवलं तशी."

"टोकं तू पाहिलीस?"

"नाही."

"मग तू सिद्ध काय करणार?" मिहरान म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ओळ उघडी आहे. वाळली."

"काहीच नाही. हॉलिस म्हणतो तशी आत्महत्या लिहिणार. नेव्हार्तला महिन्याभरात नोटीस जाईल."

"नोटीस कसली? विमा आहे ना? झावेनच म्हणायचा, मी मेलो की सगळं फिटेल."

"दोन वर्षांनंतर. त्याआधी स्वतः जीव दिला तर विमा मिळत नाही. सहा आठवडे कमी पडले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हे त्याला खरंच माहीत नव्हतं. आमची माणसं करार चुंबन घेऊन देव्हाऱ्यात ठेवतात, वाचत नाहीत.

"मग शेत?"

"खात्याकडे. तिथून यादीतल्या पुढच्या सैनिकाला. बहुतेक टीगला."

"टीग कापूस लावील."

"लावील."

"वेली उपटून."

"वेली ठेवून कापूस येत नाही."

पलीकडे ऊन चढत होतं. ओळीच्या टोकाला मायरिग बेदाणे उलटे करत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही. मिहरान बराच वेळ तिकडे बघत राहिला.

"आणि दुसऱ्या कोणी मारलं असेल तर?" त्याने विचारलं.

"तर विमा कर्ज फेडतो. शेत नेव्हार्तचं. मायरिग तिथेच राहते."

त्याने दोन्ही हात पँटला पुसले.

"तो हसला होता," मिहरान म्हणाला. "मी म्हटलं, या वेली मी लावल्यात. तो म्हणाला, मग घेऊन जा. आणि हसला. किती वर्षांनी हसला माहितीय? मला नुसतं त्याला गप्प करायचं होतं. नंतर पिस्तूल त्याच्या हाताशी ठेवलं आणि बाहेर पडलो. म्हटलं, पळावं. पण ताव उघडे होते रे. पाऊस पडत होता आणि ताव उघडे होते."

"पुढे?"

"पुढे काय. हात थांबेनात." तो उठला. "लिही. मी सही करतो. फक्त ते सहा आठवडे मध्ये येणार नाहीत ना, ते नीट बघ."

मी लिहिलं. हॉलिस म्हणाला, तुमच्या लोकांचं मला काही कळत नाही. मी म्हटलं, मलाही.

७

झावेनची शवपेटी चर्चच्या आत गेली. नोव्हेंबरात लोकांनी मतं दिली, रोखे मंजूर झाले, आणि टीगला नदीकाठी जमीन मिळाली. मिहरानला दहा वर्षांची शिक्षा झाली. विम्याचे पैसे आले तेव्हा फेब्रुवारी लागला होता, वेलींची छाटणी चालू होती. खरेदीखत घेऊन मी स्वतः गेलो.

नेव्हार्तने ते उभ्याउभ्याच वाचलं. आमच्याकडे खत वाचणारी ती पहिलीच.

"तो जिवंत होता तोवर शेत सरकारचं होतं," ती म्हणाली. "मेला तेव्हा त्याचं झालं."

"करारच तसा असतो."

"हो. लिहिलंय इथे." तिने कागद टेबलावर ठेवला. बॅगा परत पलंगाखाली गेल्या होत्या का, ते मी विचारलं नाही.

मायरिग कोट घालून तयार बसली होती. तुरुंगात भेटीचा दिवस होता, आणि तिला गाडी चालवता येत नाही. मी तिला गाडीत घेऊन निघालो. मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत शेवटच्या ओळीतले बेदाणे. व्यापाऱ्याने वाळूमुळे ती ओळ परत केली होती. तिने ते पाण्यातून काढून, पुन्हा वाळवून ठेवले होते.

पहारेकऱ्याने पिशवी उलटी करून पाहिली आणि आत सोडली. मिहरान जाळीच्या खिडकीसमोर बसला. त्याने एक बेदाणा तोंडात टाकला, चावला आणि थांबला.

"वाळू आहे अजून," तो म्हणाला.

"ओल्यात गुंडाळलेस ना," आई म्हणाली. "राहणारच."

त्याने मान हलवली आणि दुसरा घेतला.